देवरावची शपथ आणि नलूबाई

नलूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गादीवर बसून एका बाईंना लुगडी दाखवत होतो. फोन बोरगाव मेघेहून, तिच्या भाचीचा. "काका, मावशी गेली. सकाळी चहा घेतला, पाठ टेकवली, आन् गेली..." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, बाई, आज राहू द्या, आमच्याकडे वाईट झालं आहे. त्या म्हणाल्या, बरं, पण वरचं ते हिरवं तेवढं दाखवा. मी हिरवं काढलं, घडी मोडली, पदर पसरून दाखवला, काठ पक्का आहे असंही सांगितलं. बाई गेल्यावर ते लुगडं घडी घालायला घेतलं, तर काही केल्या घडी बसेना. मग शेजारच्या दुकानदारानं शटर ओढलं आणि मला रिक्षात बसवून दिलं.

आठच दिवसांपूर्वी मी तिला भेटून आलो होतो. पायांवर सूज, आवाज खोल गेलेला, पण जीभ जागच्या जागी. कशी आहेस म्हणून विचारलं, तर म्हणाली माझं सोडा, निवाऱ्यात खोकणारे किती आहेत ते सांगा. मला सांगता आलं नाही. त्यावर मी जवळजवळ पाव तास बोलणी खाल्ली. निघताना हात जोडले तर म्हणाली, "भाऊ, उद्या खोकनाऱ्यायले नीट पाहून घेजा." आमची शेवटची भेट ती. गोड काही बोलणं झालं नाही, आणि झालं असतं तर मलाच संशय आला असता.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली. व्यसनमुक्तीसाठी आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्या, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते वाचकांना ठरवता येईल. नलूबाईनं व्यसनमुक्तीसाठी आयुष्य वेचलेलं नाही. तिनं एकाही माणसाला दारू सोड म्हणून सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि मी तिच्यासोबत दहा वर्षांहून जास्त काळ काम केलं आहे. ती दारुड्यांना जिवंत ठेवायची. दारुडे राहूनही ते जगले पाहिजेत असं तिला वाटायचं. हे वाक्य आमच्या जिल्ह्यात छापून येणं अवघड आहे, म्हणून ते माझ्या नावानं छापावं अशी संपादकांना विनंती केली आहे.

निवारा म्हणजे स्टेशनच्या मागच्या अंगाला, सरकी काढणाऱ्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारातलं रुईचं गोदाम. माझ्या वडिलांनी आणि बाजारातल्या आणखी काही व्यापाऱ्यांनी ते बेघर माणसांसाठी उघडून दिलं, तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वडिलांमागे समितीचा सचिव मी झालो. आमचा जिल्हा दारूबंदीचा आणि आश्रमांचा. इथं वाढलेल्या माणसाला शपथ घेणं आणि देणं दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं असतं. शाळेत शपथ, झेंडावंदनाला शपथ, लग्नाच्या मांडवातसुद्धा एखादे काका उठून मंडळींना शपथ देऊन खाली बसायचे. त्यामुळे निवाऱ्यात सायंप्रार्थना असेल आणि प्रार्थनेच्या शेवटी दारू न पिण्याची शपथ असेल, हे कुणाला ठरवावं लागलं नाही. दारातला चौकीदार येणाऱ्या प्रत्येकाला 'हा' करायला लावायचा. तोंडाला वास आला की माणूस बाहेर. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू मिळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दिवेलागणीला स्टेशनमागच्या गल्लीतून एक चक्कर मारावी. मोहाची मिळायची आणि मोहाच्या नावाखाली देव जाणे काय काय मिळायचं. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आमची सभ्य माणसांची समजूत अशी, की न पिणारा तो बेघर आणि पिणारा तो नालायक.

अशा ठिकाणी नलूबाई आली. बाहेरच्या एका संस्थेनं आम्हाला समुपदेशक देऊ केला होता आणि तिच्या नेमणुकीच्या पत्रात 'हानी कमी करण्याचा कार्यक्रम' असं लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, दारूची हानी समजावून सांगणारी बाई मिळते आहे, तेही फुकट, घ्या. ती आष्टीकडच्या शेतकरी घरातली, वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. उंचीनं बुटकी, आवाजानं नाही. विधवा असल्यामुळे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की नवरा पिऊन मेला असणार, म्हणून ही या कामात पडली. मीही एकदा हळहळत तसं बोललो. तर म्हणाली, "माह्या नवऱ्यानं जन्मात सुपारीबी खाल्ली नाई. तो बिनदारूचाच कटकट्या होता." त्यानंतर मी हळहळणं बंद केलं.

पहिला आठवडा ती काहीच बोलली नाही. चौकीदाराशेजारी स्टूल टाकून बसायची आणि कुणाकुणाला परत पाठवलं जातं ते बघायची. आठव्या दिवशी आमच्या बैठकीत आली आणि विचारलं, हे परत पाठवलेले लोक झोपतात कुठं? कुणालाच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, कारण सकाळ-सकाळी जाऊन तिनं एकेकाला शोधून काढलं होतं. पुलाखाली कोण, प्लॅटफॉर्मच्या टोकाला कोण, नालीच्या कडेला पडलेल्या कुणाची पायाची बोटं घुशीनं कुरतडली, सगळं नावानिशी सांगितलं. मग म्हणाली, तोंडाचा वास घेणं उद्यापासून बंद करा. "पोटात हाये ते पोटात राहू द्या. हातातलं तेवढं बाहेर ठेवाले लावा. आन् आत आला का पयले जेवू घाला."

त्या बैठकीत तिला सगळ्यात जास्त विरोध मी केला. हे लपवण्यात अर्थ नाही, इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे. मी म्हणालो, बाई, हा कोणता जिल्हा आहे याचा तरी विचार करा, उद्या पेपरवाले लिहितील की वर्ध्यात दारुड्यांचा अड्डा चालवतात. ती म्हणाली, "लिहू द्या ना. मेलेल्यायचं कोन लिहून राह्यलं?" आम्ही विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत ती परत आली, त्याच्या पुढच्याही. शेवटी सहा महिने करून पाहू, असं ठरलं. ते आम्हाला पटलं होतं म्हणून नव्हे, तिला कंटाळून.

तिची कामाची एक रीत होती. माणूस दारात आला की पहिला प्रश्न, आज काय खाल्लं. दुसरा, काल कुठं पडला होता. तिसरा, कुणाकडची घेतली. का घेतली, हे ती कधी विचारत नसे. तो प्रश्न पोलिसांचा आणि सासऱ्यांचा, आपला नाही, असं तिचं मत. घेणार असशील तर आधी पोटात भाकरीचा तुकडा टाक, मधूनमधून पाणी पी, अमक्याच्या दारूनं डोळ्यापुढं धुकं येतं तर त्याच्या दारात जाऊ नको, एकटा पिऊ नको, रुळाजवळ झोपू नको... हे ती इतक्या साध्या आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाळंतिणीला पथ्य सांगते आहे. तिघे-चौघे सुई टोचून नशा करणारे होते. त्यांना ती नव्या सुया द्यायची आणि वापरलेल्या परत घेऊन एका बिस्किटाच्या डब्यात टाकायची. तो डबा आमच्या एका समितीसदस्यानं बिस्किटाच्या आशेनं उघडला. पुढे महिनाभर आमच्याकडे तोच विषय होता. ती म्हणाली, एकच सुई चौघांनी वापरावी अशी समितीची इच्छा असेल तर तसा ठराव करून द्या, मी भिंतीवर लावते. तसा ठराव कुणी केला नाही.

आता देवरावबद्दल लिहायला हवं. इथवर हात चांगला चालला, आता थांबतो आहे...

देवराव मालधक्क्यावर हमाल होता. रुईच्या गाठी वाहून वाहून गुडघा गेला, काम गेलं, मग घरही गेलं. पन्नाशीचा, हाडापेरानं रुंद माणूस, बोलायला मवाळ. तीसेक वर्षं रोज पिणारा. नलूबाईनं त्याला सकाळची उशिरा आणि थोडी कमी, असं करत करत खाली आणायला घेतलं होतं. त्याला सोडायचीच असेल तर मोठ्या दवाखान्यात भरती करून, डॉक्टरच्या नजरेखाली, गोळ्या सुरू करून सोडवायची, असं तिचं चाललं होतं. त्याच सुमारास निवाऱ्याचा वर्धापनदिन आला. मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते आणि समितीच्या मनात आलं, की त्यांच्यासमोर सगळ्या माणसांनी उभं राहून शपथ घ्यावी. नलूबाई बैठकीत कडाडली. ज्याचं अंग रोजच्या दारूवर चालतं त्याची एकदम तोडली तर झटके येतात, माणूस दगावतो, असं तिनं सांगितलं. देवरावचं तर नाव घेऊन सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं. खरं सांगू? मला वाटलं, ही दारूची वकिली करते आहे. दारू सोडून कुणी मरतं का, आमच्या जिल्ह्यात हे कुणी ऐकलं होतं? आम्ही तिला म्हणालो, जबरदस्ती नाही, ज्याची इच्छा तो घेईल. त्यावर तिनं नकारार्थी मान हलवली. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिची आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, म्हणून ती आष्टीला गेली.

शपथ मी दिली. मी एकेक वाक्य म्हणत होतो आणि माणसं मागून म्हणत होती. देवराव पहिल्या रांगेत होता. स्वतःची बाटली त्यानं आणून पाहुण्यांच्या पायाशी ठेवली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी धरूनही पेला दातांवर वाजत होता. "शेठजी, हात लय कापून राह्यले. थोडीशी घेऊ का, दवाईवानी? शब्द देला हाये मी, म्हनून इचारून राह्यलो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "देवराव, सगळ्यांसमोर शब्द दिलास ना? आता मागं फिरायचं नाही." तो म्हणाला, "बरं जी." आणि गेला. मी दुकानातल्या माणसांना अभिमानानं सांगितलं, बघा, माणूस कसा बदलतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. तो त्या हातानं झाडत बसला होता. चौकीदाराला वाटलं ताप डोक्यात गेला, त्यानं कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याला झटका आला, मग दुसरा, आणि रिक्षा दवाखान्याच्या फाटकात वळत असताना तो संपला. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. एवढा मोठा माणूस, तीस वर्षं पिऊन मेला नाही, आणि मला दिलेला शब्द तीन दिवस पाळून मेला.

नलूबाई संध्याकाळच्या बसनं आली. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला समोर बसवलं आणि पहिल्यापासून, तासातासाचं विचारून घेतलं, नर्स विचारते तसं. देवराव दुकानात आल्याचं मी सांगितलं नसतं तर तिला कधी कळलं नसतं. मी सांगितलं. मग म्हणाली, "तो लबाड असता तं वाचला असता, भाऊ." मी रडायला लागलो. तिनं थोडा वेळ रडू दिलं आणि म्हणाली, आता उठा, माणसं जेवायची आहेत, वाढायला कुणी नाही. त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा निवाऱ्यात पंगत वाढली. तोवर मी फक्त इतिवृत्त लिहीत होतो.

पुढच्या बैठकीत शपथ आणि तोंडाचा वास, दोन्ही बंद करण्याचा ठराव मी मांडला. एका मताच्या फरकानं तो मंजूर झाला आणि माझे दोन जुने मित्र उठून गेले, ते आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत. नलूबाईनं मला हात बघायला शिकवलं. माणसाला बोटं फाकवून हात पुढे करायला सांगायचं आणि थरथर बघायची. थंडीची थरथर कशी, भुकेची कशी आणि तुटलेल्या दारूची कशी, हे मी कापडाचा पोत ओळखणारा माणूस हळूहळू ओळखायला शिकलो. ज्याला खरंच सोडायची असे त्याला ती स्वतः दवाखान्यात घेऊन जायची. काहींची सुटली. त्यांचं श्रेय तिला देऊ केलं की चिडायची, त्याची त्यानं सोडली म्हणायची. बहुतेकांची सुटली नाही. ते पीत राहिले, जेवत राहिले, जखमा धुऊन घेत राहिले आणि म्हातारे झाले. आमच्या समाजात बेवड्यानं म्हातारं होणं हा केवढा मोठा विजय आहे, हे ज्यानं तरुण बेवडे उचलले आहेत त्यालाच कळेल.

लोकांनी तिला सोडलं नाहीच. बोरगाव मेघेला तिच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं 'दारूवाली बाई' असं लिहून ठेवलं. मी पुसायला माणूस पाठवला तर तिनं त्याला चहा पाजून परत धाडला. पुढे रिक्षावाल्यांना पत्ता सांगताना ती सरळ म्हणायची, डांबरानं लिहिलेलं घर, लांबून दिसतं. एकदा एका सभेत कुणीतरी विचारलं, आश्रमांच्या या भूमीत तुम्ही लोकांना दारू प्यायला शिकवता, लाज वाटत नाही? ती उठली आणि म्हणाली, लाज वाटते, पण आपण दोघं वेगवेगळ्या गोष्टींची लाज धरून आहोत. आणि खाली बसली. मी जोरात टाळी वाजवली. सभागृहात माझी एकट्याचीच टाळी होती, तरी मी ती मधे थांबवली नाही.

तिच्या जाण्यानंतर पंधरवड्यानं निवाऱ्यात शोकसभा झाली. समिती आता बरीच नवी आहे, चांगल्या घरची, उत्साही मंडळी आहेत, त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्याही हेतूबद्दल नव्हती. फोटोला हार घातला, भाषणं झाली, प्रत्येक भाषणात तिनं शेकडो संसार दारूतून सोडवले. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होतो. वय झालं आहे, म्हटलं, जाऊ दे. मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की नलूबाईंना खरी श्रद्धांजली म्हणून निवाऱ्यातल्या सर्व बांधवांनी आज, या क्षणापासून दारू सोडण्याची शपथ घ्यायची आहे. माणसं उठली. बिचारी उठणारच, ज्यांच्या छपराखाली झोपायचं त्यांनी उठा म्हटल्यावर कोण बसून राहील? सगळ्यांनी उजवे हात पुढे केले. आणि मागच्या बाजूला, खांबाजवळ, एका माणसाचा हात मला दिसला. नवा माणूस, नाव माहीत नव्हतं. पण त्या थरथरीला मी ओळखत होतो.

मी उठलो. माइकपर्यंत जायला मला वेळ लागला, गुडघे आता माझेही गेले आहेत. मला दोन शब्द बोलायचे आहेत असं समजून अध्यक्षांनी माइक दिला. मी म्हणालो, "हात खाली घ्या." कुणालाच कळलं नाही. दोघांनी उजवा खाली घेऊन डावा पुढे केला. मी पुन्हा म्हणालो, हात खाली घ्या, शपथ नाही. रोज पिणाऱ्यांनी आज एकदम सोडायची नाही, ज्याला सोडायची आहे त्यानं उद्या सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात यायचं. मग मी देवरावचं नाव घेतलं आणि तो कसा मेला, त्याला शपथ कुणी दिली, तो माझ्या दारात येऊन काय म्हणाला आणि मी काय उत्तर दिलं, सगळं माइकवरून सांगितलं. एवढ्या वर्षांत हे मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो. मागून कुणीतरी माझा सदरा ओढत होतं. कुणीतरी माइक बंद केला, तेव्हा उरलेलं मी तसंच मोठ्यानं सांगितलं. हात एकेक करून खाली आले. खांबाजवळचा सगळ्यात शेवटी.

त्याचं नाव गुलाब. सकाळी मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथं त्याला झटका आला, एकदा नव्हे, दोनदा. पण खाट होती, डॉक्टर होते, सुई तयार होती. शोकसभेत त्यानं तो शब्द दिला असता तर तो झटका त्याला निवाऱ्याच्या फरशीवर आला असता, आणि शब्द त्यानं खरोखर पाळला असता, कारण तो देवरावसारखाच सरळ माणूस आहे.

समितीनं मला पत्र पाठवलं आहे. शोकसभेसारख्या गंभीर प्रसंगी मी गैरवर्तन केलं, संस्थेच्या ध्येयधोरणांचा जाहीर अवमान केला आणि दिवंगत कार्यकर्तीच्या स्मृतीला धक्का लावला, याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, असं त्यात म्हटलं आहे. पत्राची भाषा शुद्ध आहे. कधीकाळी अशी पत्रं मीच लिहीत असे. उत्तर म्हणून समितीनं या लेखाचीच प्रत त्या पत्राला जोडावी. याहून जास्त विचारायचं असेल तर मी रोज संध्याकाळी पाच ते सात निवाऱ्याच्या दारात, नलूबाईच्या जागेवर बसलेला असतो, तिथं येऊन विचारावं. येणाऱ्यांचे हात बघत असल्यामुळे कदाचित लगेच मान वर करता येणार नाही.

गुलाब दवाखान्यातून परत आला. काही दिवस त्यानं घेतली नाही, गेल्या मंगळवारी परत घेतली. काल संध्याकाळी जेवला, पानावर पुन्हा भात मागून घेतला आणि खांबाजवळ झोपला. तो जिवंत आहे. हा माझा खुलासा.